मोजा सुयांवरून उतरला, तरी काम बाकी असतं

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात लोकरीच्या मोज्यांचा नमुना आला होता. नमुना चांगला होता. चार सुयांवर गोल विणायचा मोजा, ६४ टाके, टाचेचं वळण ओळीओळीने समजावलेलं. इतक्या सबुरीने लिहिलेलं विणकाम हल्ली छापून येत नाही. पण चवड्याच्या टोकाशी आल्यावर घाई झाली. उरलेल्या टाक्यांतून लोकर ओवा, ओढा, गाठ मारा, की मोजा झाला, एवढ्यावर नमुना संपला. त्या शेवटच्या ओळीसाठी हे पत्र लिहिते आहे. ते जरा लांबेल, पण विषयच तसा आहे.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीतली पुष्कळ वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत गेली. तिथे पाहिलेल्या जखमांपैकी ज्यांचं मला अजून वाईट वाटतं, त्या मधुमेह्यांच्या पायांच्या. त्यांना मोठं कारण लागत नाही. बुटात गेलेला खडा, चपलेची वर आलेली चूक, मोज्याची दुमडलेली शिवण, एवढं पुरतं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होत जातात. दवाखान्यात नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवून बघतात. १० ग्रॅम इतका दाब पडला की तो वाकतो. माणसाने डोळे मिटलेले असताना हा स्पर्श त्याला कळला नाही, तर इथून पुढे त्या पायाची राखण डोळ्यांनी आणि हातांनी करायची, हे समजून घ्यायचं. तुमच्या-माझ्या पायाला मोज्यातली गाठ टोचली की आपण मोजा काढून झटकतो. बधिर पाय दिवसभर त्या गाठीवर चालत राहतो. आधी फोड येतो, तो फुटला की व्रण होतो. पायाचा रक्तपुरवठाही कमी असेल तर व्रण भरत नाही आणि बोट काढायची वेळ येऊ शकते. म्हणून मोज्याच्या टोकाची गाठ ही मला किरकोळ गोष्ट वाटत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही काही जणी मिळून दर हिवाळ्यात आसपासच्या वृद्धाश्रमांसाठी मोजे विणतो. नाशिकची थंडी वाचकांना ठाऊक आहे. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्याच्या बातम्या आपणच छापता. दिवाळीनंतर आवाहन केलं की शाळांमधून, भिशी मंडळांतून, सोसायट्यांतून पिशव्या भरून मोजे येतात. विणणाऱ्यांच्या मायेबद्दल शंका नाही. तरी मी प्रत्येक मोजा उलटा करते, आत हात घालते आणि बोटांनी चाचपते. चवड्याच्या टोकाला हरभऱ्याएवढी गाठ असते. गुंडा बदलला तिथे ऐन तळव्याखाली दुसरी असते. वरची पट्टी कधी इतकी आवळून सुरू केलेली असते की सुजऱ्या पायावर ती चढतच नाही. असे मोजे आम्ही बाजूला काढतो आणि टोकं उसवून पुन्हा करतो. बहुतेक वेळा विणकाम सुरेख असतं, एकसारखे टाके, कुठे सुटलेलं नाही. शेवट कसा करायचा हे फक्त कोणी शिकवलेलं नसतं. आपल्याकडे आईकडून मुलीकडे आलेलं विणकाम बव्हंशी स्वेटरचं आणि टोपऱ्याचं. स्वेटरची गाठ बगलेच्या शिवणीत दडवता येते. मोज्यात दडवायला जागाच नाही, सगळीकडे पाय आहे.

तर टोक कसं बंद करावं ते सांगते. टाके कमी करत करत दोन सुयांवर दहा-दहा किंवा बारा-बारा उरले की थांबावं. एका सुईवर पायाच्या वरच्या अंगाचे, दुसरीवर तळव्याकडचे. दोन्ही सुया एकमेकींना समांतर धराव्यात. टोकाच्या रुंदीच्या चौपट भरेल एवढी लोकर, आणि वर हाताला धरायला वीतभर, ठेवून तोडावी आणि बोथट टोकाच्या, मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवावी. कपडे शिवायची टोकदार सुई घेऊ नये, ती लोकरीचा पीळ फोडत जाते. सुरुवातीला पुढच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात उलट विणताना घालतो तशी सुई घालायची, मागच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात सुलट विणताना घालतो तशी, आणि दोन्ही टाके जागेवरच राहू द्यायचे. मग खरी ओळ सुरू होते. पुढच्या सुईवरचा पहिला टाका सुलट घेऊन सुईवरून काढायचा, त्याच्या पुढचा उलट घेऊन तसाच ठेवायचा. मागच्या सुईवरचा पहिला उलट घेऊन काढायचा, त्याच सुईवरचा दुसरा सुलट घेऊन ठेवायचा. शेवटपर्यंत हेच. नव्या मुलींना आम्ही तोंडाने म्हणायला लावतो: सुलट काढ, उलट ठेव, उलट काढ, सुलट ठेव. हे एका बैठकीत पुरं करावं. मध्ये उठलं की कुठल्या टाक्यावर होतो ते ओळखणं सरावलेल्या हातालाही जड जातं.

लोकर ओढत जाऊ नये, सैलच ठेवावी. सगळे टाके झाल्यावर सुईच्या टोकाने एकेक टाका उचलून शेजारच्या टाक्यांएवढा करत यावं. हे काम सावकाश होतं, पण याच कामाने टोक सपाट येतं. नीट जमलं की तिथे शिवण उरतच नाही. सुईने भरलेली ती विणकामाचीच आणखी एक ओळ होते, आणि आतून बोट फिरवलं तरी जोड लागत नाही. दोन कोपऱ्यांना मात्र बारीक कान उभे राहतात. ते नको असतील तर जोडायला घेण्याआधी दोन्ही सुयांवर कडेचा टाका शेजारच्या टाक्यावरून ओलांडून काढावा. कोपरा गोल येतो, करंगळीला लागत नाही.

या टाक्याला इंग्रजीत किचनरचं नाव आहे. लॉर्ड किचनर हे १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती होते आणि १९१४ साली महायुद्ध पेटल्यावर ब्रिटनचे युद्धमंत्री झाले. त्या हिवाळ्यात फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत सैनिक चिखलपाण्यात उभे होते, त्यांत हिंदी पलटणीही होत्या. सतत ओल आणि गारठा यांनी पाय सुजायचे, बधिर व्हायचे, सडायचे. या विकाराला ट्रेंच फूट असं नाव पडलं. पाय कोरडे करून मोजे बदलणं हा त्यावरचा मुख्य उपाय होता, म्हणून घरोघरच्या बायकांना मोजे विणायचं आवाहन झालं. राणी मेरी यांनी सुरुवातीलाच ३ लाख जोड मागितले होते. टोकाला शिवण नसलेला मोजा खुद्द किचनर यांनी सुचवला, असं विणणाऱ्यांत सांगतात. ती कथा म्हणूनच ऐकावी. गरज मात्र खरी होती. ओल्या बुटात तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसाच्या बोटांवर शिवण घासली की कातडी सोलते, आणि अशा पायात ती जखम चिघळायला वेळ लागत नाही.

आता सुटी टोकं. मोज्यात गाठ कुठेच मारू नये, हा आमच्या गटाचा नियम आहे. गुंडा संपला तर जोड पायाच्या वरच्या अंगाला किंवा घोट्याच्या बाजूला येईल असं पाहावं, तळव्याखाली कधीही नाही. लोकर खरी असेल आणि आटू नये म्हणून तिच्यावर कारखान्यात प्रक्रिया झालेली नसेल, तर दोन्ही टोकांचा पीळ सोडवून, ओलसर करून, एकमेकांवर ठेवून तळहातांत जोराने चोळावीत. ती एकजीव होतात आणि जोड दिसतही नाही. एरवी जुनी आणि नवी लोकर दोन-तीन इंच बरोबरच विणावी, आणि टोकं आतल्या बाजूने उलट टाक्यांच्या उंचवट्यांतून तिरकी, दोन-तीन इंच ओवून न्यावीत. टोक अगदी मुळाशी लगेच कापू नये. पाव-अर्धा इंच बाहेर राहू द्यावं, मोजा धुऊन वाळला की मग कापावं. पहिल्या धुण्यात टाके आपापल्या जागी सरकतात, त्यात आधीच कापलेलं टोक आत ओढलं जातं आणि सुटतं. टाचेची पट्टी जिथे वरच्या अंगाला मिळते तिथे दोन्ही बाजूंना भोक पडतं, ते आतल्या टोकाने आठच्या आकड्यासारखं फिरवून बंद करावं.

आणि मग धुणं. मोजे विणून झाले की न धुता घडी घालून देतात, किंवा धुऊन पिळून दोरीवर टांगतात. दोन्ही नको. लोकरीचा तंतू म्हणजे केराटिन, आपल्या केसांतलं आणि नखांतलं प्रथिनच. लोकर भिजली की तंतूतले हायड्रोजनचे बंध सैल होतात, वाळताना ते नव्या जागी पुन्हा जुळतात. म्हणून ओली लोकर ज्या आकारात वाळवावी तो आकार ती धरते. सकाळी ओले केस ज्या वळणाने विंचरून बांधाल त्या वळणाने ते वाळतात, ते याच कारणाने. सुयांवरून नुकत्याच उतरलेल्या मोज्यात एक टाका घट्ट, एक सैल, सुया बदलतात तिथे उभ्या रेषा, असं सगळं असतं. भिजून, आकार देऊन वाळवल्यावर त्यातलं बहुतेक आपोआप बसतं. कारखान्यातला मोजासुद्धा यंत्रावरून थेट दुकानात जात नाही. पायाच्या आकाराच्या धातूच्या साच्यांवर चढवून, वाफ देऊन मगच त्याची जोडी लावतात.

धुण्याचं पाणी जेमतेम कोमट असावं. साबणाची वडी, सोडा, धुण्याची नेहमीची पावडर यांतलं काही वापरू नये. सोड्याने लोकर राठ होते. पुष्कळ पावडरींत प्रथिनांचे डाग काढणारी विकरं (एन्झाइम) असतात, आणि लोकर स्वतःच प्रथिन आहे. आमच्याकडे रिठा वापरतो. पाच-सहा रिठे बिया काढून रात्री भिजत घालावेत, सकाळी कोळून, गाळून ते पाणी बादलीत घालावं. रेशमी साड्या आणि शाली आपल्या आज्या यातच धूत होत्या, आणि लोकरीला याच्याइतकं सौम्य दुसरं सहज मिळत नाही. मोजे त्यात अलगद दाबून बुडवावेत आणि पंधरा-वीस मिनिटं तसेच राहू द्यावेत. चोळायचं नाही, आपटायचं नाही, गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकायचं नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीकडे धनगरी लोकरीची जेनं, म्हणजे न विणता दाबून केलेली जाड बैठकं, करतात ती याच गुणावर, तिथे तंतू मुद्दाम घट्ट बसवायचे असतात. मोज्याचं जेन झालं तर तो कुणाच्याच पायात जात नाही आणि पूर्ववत होतही नाही.

बाहेर काढताना मोजा खालून दोन्ही हातांवर उचलावा, टोकाला धरून लोंबकळवू नये. पाण्याच्या भाराने तो लांबतो. पिळायचा नाही. कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलची गुंडाळी करावी आणि तिच्यावर उभं राहावं. पाणी टॉवेल शोषून घेतो.

मग साचा. परदेशात मोज्यांसाठी लाकडाचे किंवा तारेचे पावलाच्या आकाराचे साचे मिळतात, आपल्याकडच्या लोकरीच्या दुकानांत मी अजून पाहिले नाहीत. घरी सहज करता येतात. पुठ्ठा घेऊ नये, तो भिजून वाकतो आणि त्याचा रंगही लागतो. हँगरची साधी तार गंजते. भाजी चिरायचा प्लास्टिकचा पातळ, लवचीक पत्रा मिळतो तो उत्तम. ज्याच्यासाठी मोजा आहे त्याच्या चवड्याचा घेर टेपने मोजावा. मोजा त्याहून साधारण दहावा हिस्सा कमी असावा लागतो, तरच तो पायाला धरून राहतो, त्याला सुरकुती पडत नाही. म्हणजे घेर २२ सेंमी असेल तर साच्याची रुंदी १० सेंमी पुरे. लांबी पावलापेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कमी. कापलेल्या कडा सँडपेपरने घासून गुळगुळीत कराव्यात, नाहीतर ओली लोकर त्यांत अडकते. मधोमध चार-पाच मोठी भोकं पाडली की हवा खेळते. मोजा चढवताना टाच टाचेवर, उभ्या ओळी सरळ, एवढं पाहावं. वरची एक सुलट एक उलट पट्टी साच्यावर ताणू नये. ती मिटलेलीच वाळायला हवी, तिच्या मिटण्यातच तिची पकड आहे. सावलीत, वाऱ्यावर वाळवावं. थंडीत एका दिवसात होतं, पावसाळ्यात पंखा लावावा. पूर्ण वाळल्याशिवाय साच्यावरून काढू नये.

हे सगळं खऱ्या लोकरीला लागू पडतं. आपल्या बाजारात लोकर म्हणून मिळणारा बहुतेक गुंडा अ‍ॅक्रिलिकचा असतो, आणि त्यात काही गैर नाही. ते स्वस्त आहे, आटत नाही, कसर लागत नाही. पण ते भिजवून आकार घेत नाही. शंका असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवून बघावा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ती आपण होऊन विझते आणि राख चिमटीत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. अ‍ॅक्रिलिकच्या मोज्याला इस्त्री लावायचा मोह होतो, तो टाळावा. उष्णतेने त्याचा उसळता गुण कायमचा जातो, पट्टी लुळी पडते, मोजा घोट्यावर गोळा होतो, आणि तो गोळाही म्हाताऱ्या पायाला जाचतो. साध्या पाण्याने धुवावं, टॉवेलवर सपाट पसरून हाताने आकार द्यावा, बस. मात्र टोकाचा जोड आणि गाठी न मारणं हे अ‍ॅक्रिलिकलाही तितकंच लागू आहे. वृद्धांसाठी विणणाऱ्यांना मी नेहमी सांगते की जमलं तर लोकरच घ्या. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. रात्री घामेजलेल्या पायाला त्याचं मोल फार आहे.

वृद्धाश्रमाला देणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. सुरुवातीचे टाके दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर घालावेत, म्हणजे कड सैल येते. संध्याकाळी पाय सुजतात, तेव्हा सकाळी ठीक असलेली कड पोटरीत रुतते. आणि रंग फिका घ्यावा, पांढरा किंवा दुधी. गडद रंग मळत नाहीत म्हणून लोक काळे-चॉकलेटी मोजे देतात. बधिर पायाला जखम झाली तर ती पहिल्यांदा दाखवतो तो मोज्यावरचा डाग. काळ्या मोज्यावर तो दिसत नाही. सेवा करणाऱ्या मुली रात्री घाईत मोजे उतरवतात, त्यांच्या नजरेला तो डाग पडायला हवा.

आपल्या पुरवणीला विनंती अशी की यापुढे मोज्यांचा नमुना छापाल तेव्हा तो गाठीपाशी थांबवू नये. टोकाचा जोड, टोकं ओवणं आणि साच्यावर वाळवणं हे नमुन्याचेच भाग म्हणून छापावेत. चार ओळी जास्त लागतील, त्यासाठी एखादी सजावटीची वेलबुट्टी कमी केली तरी चालेल. शाळांमधून कार्यानुभवाच्या तासाला मोजे विणून घेणाऱ्या शिक्षिकांनाही हेच सांगणं आहे. मुलांचे गुण विणलेल्या लांबीवर देऊ नका, मोज्यात हात घालून टोक चाचपा आणि मग द्या.

टोकाच्या जोडाची आकृती आणि साच्याचे तीन आकार (पाऊल २२, २४ आणि २६ सेंमी) मी आलेखाच्या कागदावर काढून सोबत पाठवत आहे. वाचकांनी थेट कापून घ्यावेत म्हणून ते मूळ मापात काढले आहेत, तेव्हा छापताना लहान-मोठे करू नयेत. पानावर मावत नसतील तर टाच आणि चवडा वेगवेगळे छापावेत, जोडायची रेघ मी तुटक काढली आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
नाशिक रोड